उष्टावणाचा भोपळा

नात झाली तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं, हिच्या उष्टावणाला भोपळा आपल्या वेलाचा. माझ्या लेकीला भाऊ नाही, त्यामुळे मामाऐवजी पहिला घास मीच भरवणार होतो. तो घास माझ्या हातच्या भोपळ्याचा असावा, एवढीच माझी हौस.

कुंभवलीत, बोईसरच्या कारखान्यांच्या शेजारी भोपळा पिकवणं म्हणजे काय, ते बागकामाचे व्हिडिओ करणाऱ्यांना कळायचं नाही. ते सांगतात, झाडांशी प्रेमाने बोला. आमच्याकडे बोलायचं तर आधी खोकला थांबावा लागतो.

माती मी माकुणसारहून, बहिणीच्या वाडीतून, गोणी भरून आणली. बोअरचं पाणी वेलाला दाखवलंसुद्धा नाही. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी पिंपांत धरून ठेवलं होतं, तेही आधीच्या सरींनी पत्रा धुऊन निघाल्यावर. दसरा झाल्यावर बी टोचलं. पानांवर रोज काळसर भुकटी बसते. ती सकाळीच ओल्या फडक्याने पुसायची, एकेक पान खालून तळहातावर धरून, म्हणजे उन्हाने पान लगेच सुकतं आणि भुरीची पांढरी बुरशी धरत नाही. तरीही भुरी आली, तर आंबट ताक पातळ करून शिंपडायचं. तांबडे भुंगे दिसले की दव असतानाच चुलीची राख भुरभुरायची. मधमाश्या आमच्याकडे फिरकत नाहीत, शहाण्या आहेत. मग नर फूल खुडून मादी फुलात मीच फिरवायचो.

"पोरीच्या लग्नात पन इतकी धावपळ केली नाय तुमी," बायको म्हणायची.

एकच फळ धरू दिलं, बाकीची कोवळी असतानाच खुडली. खाली पेंढा घातला, जमिनीला टेकून कुजायला नको. कारखान्यात माझी उभी हयात गेली, पण तिथे माझ्या हातून नक्की काय बनलं, ते मला आजही धड सांगता येत नाही. हा भोपळा मात्र माझा होता.

उष्टावणाच्या दिवशी आम्ही दोघं बोईसरहून पालघरला लेकीकडे गेलो. भोपळा सगळी वाट माझ्या मांडीवर. फ्लॅटमध्ये पाहुणे जमले होते. लेकीने भोपळा उचलून रांगोळीशेजारी मांडला. "किती सुंदर आहे, कापवतच नाही," म्हणाली. पाटासमोरच्या चांदीच्या वाटीत मात्र भोपळा शिजवून, मऊ करून तयार होता. दुकानातला. माझं डोकं फिरलं, पण पाहुण्यांपुढे राग गिळला.

जावयाच्या आत्याला बागेची आवड. "एवढा निरोगी वेल ठेवता कसा हो?" त्यांनी विचारलं. मला तेच हवं होतं. वाटलं, सगळं कानावर पडलं की माझ्या भोपळ्याबद्दलची लेकीची शंका फिटेल. मी मुद्दाम मोठ्याने सांगत बसलो. माती तिथली नाय. बोअरचं पानी नाय. आधीच्या सरींचं पानीसुद्धा नाय. पानं रोज पुसतो, फडकं काळं होतं. आत्याबाई कौतुकाने मान डोलवत होत्या. लेकीचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"बाबा, तिला तिथलं काही नको."

"तिथलं काय हाय त्यात? आत्ता ऐकलंस ना सगळं? आनि तू तर तिथलंच खाऊन मोठी झालीस."

"ऐकलं ना," ती म्हणाली. "जे पाणी तुम्ही वेलाला घालत नाही, ते मी लहानपणभर प्यायले."

फ्रिजवर तिचा दम्याचा पंप पडला होता. शाळेत असल्यापासून तो तिच्यासोबत आहे. तेव्हा आम्हाला दुसरं पाणी कोण आणून देणार होतं? त्याच धुरातल्या पगारावर तू शिकलीस, तो पगार चालला आणि भोपळा तेवढा चालत नाही? सगळं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात पाटावर बसायला हाक आली.

मी नातीला दुकानातला भोपळा भरवला. तिने मिटक्या मारल्या. सगळ्यांनी फोटो काढले.

निघताना मी माझा भोपळा उचलला, तर कोणी ‘राहू द्या’ म्हणालं नाही. घरी बायकोने फोडी करून, गूळ घालून शिजवला.

"गोड हाय," ती म्हणाली, आणि तिला ठसका लागला.

मी उठून माठातलं पाणी दिलं. बोअरचंच. पिंपातलं पावसाचं पाणी वेलासाठी राखून ठेवलंय.