मधपेटीतली तांबडी धूळ

डिचोलीत आमच्या दारावरून खनिजाचे ट्रक जात, तेव्हा वाळत घातलेला पांढरा शर्टसुद्धा तांबडा होई. म्हणून परसातल्या मधपेटीत माश्या पायांवर तांबूस गोळे घेऊन शिरताना दिसल्या, तेव्हा शाळेत निसर्ग शिकवणाऱ्या मी लगेच ओळखलं, की बिचाऱ्या खाणीच्या धुळीने माखल्यात. आत पोळ्याच्या कप्प्यांतही तीच धूळ ठासून भरलेली! डंख सोसत मी खराट्याच्या काडीने सगळे कप्पे कोरून लख्ख केले.

चार दिवसांत माश्या पेटी सोडून गेल्या. मी खाणीविरुद्ध अर्ज ठोकला. चौकशीला साहेब आला. मी केरातले गोळे दाखवले. ते पोळं मला आणून देणारा सावंतवाडीकडचा शेजारी तिथेच होता. त्याने एक गोळा चुरडला.

"मास्तरांनू, ही धूळ न्हय, फुलांतलो पराग. मधात कालवून साठवतत, पिल्लांका भरवतत. तुमी पोरांचा जेवाण केरात टाकलात. मगे त्यो हंय कित्याक रवतल्यो?"

साहेबाने शेरा लिहिला, "माश्या उपासमारीमुळे गेल्या. जबाबदार: अर्जदार."

खाली सही मलाच करावी लागली.