सूर्याकडे पाठ

जयपूर, जोधपूर, जैसलमेर. आमच्या आठ दिवसांच्या सहलीचा टूर मॅनेजर चारकोपचा, आमच्याच भागातला होता. किल्ला कितीही मोठा असो, शेवटी घड्याळ बघून तो ओरडायचा, "राजे गेले, पिठलं गार होतंय, चला!" आईला त्याचं फार हसू यायचं.

जैसलमेरच्या वाळवंटात सूर्यास्त बघायला आम्ही सगळे पश्चिमेकडे तोंड करून बसलो. हा एकटा सूर्याकडे पाठ करून आमच्याकडे बघत उभा. आई म्हणाली, "अहो, तुम्हीपण बघा ना!"

"काकू, हा सूर्य मला दर ट्रिपला दिसतो. तुम्ही परत कुठे दिसणार?"

मी तेव्हा फोनवर फोटो काढण्यात गुंग होते.

आता तो चारकोपच्या भाजीबाजारात अधूनमधून भेटतो. परवा त्याने काकूंची चौकशी केली. आई गेल्याचं सांगितलं, तर हातातली मेथीची जुडी तशीच धरून थांबला. मग म्हणाला, "काकू चपला काढून बसलेल्या वाळूत, देवळात बसतात तशा. पण सूर्य बुडाला ना ताई, तेव्हा त्या तुमच्याकडेच बघत होत्या."

त्या संध्याकाळचे सदतीस फोटो आहेत माझ्याकडे. सगळे सूर्याचे.