कानाच्या कोपऱ्यातला लाल ठिपका

सातपूरच्या कारखान्यात डिझाइनच्या खोलीत मी एकटीच बाई, आणि त्याचा मला भारी तोरा. ड्रॉइंगच्या टेबलावरून उठून कॉम्प्युटरसमोर बसले होते नुकतीच, पण चालायची अशी, जणू ते सॉफ्टवेअर माझ्याच माहेरहून आलंय. काम एवढंच: यंत्राच्या भागाचं कॉम्प्युटरवरचं चित्र घ्यायचं, त्याचे बारीक तुकडे पाडून जाळी करायची, वजन लावायचं आणि ताण कुठे किती येतो ते बघायचं. जाळी देखणी दिसावी यावर माझा जीव. एखादा तुकडा तिरका पडला तर मला डबा गोड लागत नसे. शहाणी कुठली!

त्या दिवशी माझ्याकडे एका मोठ्या यंत्राच्या ओतीव बैठकीचा कान आला होता. कान म्हणजे क्रेनचा हूक अडकवायला भोक असलेली जाड पट्टी. बैठक ओतून तयार होती, दुसऱ्या दिवशी उचलायची होती. आणि उचलताना दोरीने धरून तिला वळवणाऱ्या फिटरांत आमचे हे होते.

उत्तर काढलं, तर कान बैठकीला मिळतो त्या आतल्या कोपऱ्यात लाल ठिपका, म्हणजे सगळ्यात जास्त ताण तिथे. ताण मर्यादेच्या जरासा खाली. म्हटलं, जाळी आणखी बारीक करू. बारीक जाळीचं उत्तर जास्त खरं, असं शिकवलेलं. बारीक केली, ताण वाढला. अजून बारीक केली, मर्यादा ओलांडून गेला. पुन्हा केली, तर थांबायचं नावच घेईना. तुटेल म्हणावं, तर एवढी बैठक भंगारात. टिकेल म्हणावं आणि तुटला, तर शेजारी उभा कोण? साहेबांना विचारायला जीभ उचलेना.

जेवणाच्या सुट्टीत यांना गाठलं. "अहो, उद्या रजा टाका."

"का गं? तुझी आई येणारे का?"

"थट्टा नको. तो कान तुटेल."

"कोण म्हणतं?"

"कॉम्प्युटर."

"मग त्यालाच धरू दे दोरी!" हे हसले, मग हसू आवरून म्हणाले, "आणि मी नाही आलो तर माझ्या जागी दुसरा उभा राहील. त्याला काय बायको नाही?"

डबा तसाच झाकला. उठले आणि खाली शॉपमध्ये, फिटरांच्या कामाच्या जागी, त्या बैठकीपाशी जाऊन उभी राहिले. जसं काही माझ्या बघण्याने लोखंड घट्ट होणार होतं! कानाच्या कोपऱ्यात बोट घातलं. बोट कुठेच अडलं नाही, वाटीच्या आतून फिरावं तसं फिरलं.

कोपरा गोल होता. चित्रातही गोलच होता. ती गोलाई मी स्वतः काढून टाकली होती. तिच्यापाशी जाळीचे तुकडे वेडेवाकडे पडायचे ना, म्हणून कोपरा सरळ काटकोनात केला आणि विसरून गेले. अशा कोपऱ्यात जाळी जितकी बारीक कराल तितका ताण चढत जातो, त्याला अंतच नसतो. मी सकाळपासून माझ्याच हाताने बनवलेल्या कोपऱ्याला भीत बसले होते.

धावत वर आले, गोलाई परत घातली. जाळी अगदी गबाळी झाली. पण या वेळी ती बारीक केली तसा ताण थोडा वाढला आणि मर्यादेच्या बराच खाली थांबला. पुन्हा बारीक करून पाहिलं, जागचा हलला नाही. साहेबांनी विचारलं, "एवढा वेळ?" म्हटलं, "जाळी नीट बसत नव्हती साहेब." खोटं कुठे होतं?

ताण थांबला, तरी दुसऱ्या दिवशी खांबाआड उभी होते. साखळी ताठ झाली, बैठक जमिनीवरून सुटली, जरा हेलकावली, आणि माझ्या तोंडून गेलंच, "अहो, मागे सरका!"

सगळा शॉप हसला. हे मात्र मागे सरकले, त्यांचं बघून बाकीचेही सरकले. बैठक लाकडी ओंडक्यांवर टेकली, कानाला काही झालं नाही, आणि मी जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी वर गेले. पाय असे लटपटत होते, की खाली आणखी थांबले असते तर मलाच उचलायला क्रेन लागली असती.