कन्हानच्या कॅम्पवरचा बर्फ

“लागलं जी मॅडम, तालचीर लागलं!”

वासुभाऊ रिगवरूनच ओरडले. मी खुर्चीतून उठायच्या आत आमच्या आचाऱ्याने, शालिकने, मसाला वाटायला घेतलाही.

माझ्या नोकरीतलं ते शेवटचं बोअरहोल. नागपूरजवळच्या कन्हान नदीच्या पलीकडे, कोळशाच्या शोधात. मी जिऑलॉजिस्ट, म्हणजे जमिनीतून वर आलेला दगड वाचणारी बाई. रिगचं, म्हणजे बोअर मारायच्या यंत्राचं, पोकळ बिट, त्याचं कापणारं टोक, फिरत खाली जातं आणि दगडाचा गोल दांडा कापून वर आणतं. त्याला कोअर म्हणतात. तो पेट्यांमध्ये क्रमाने मांडायचा आणि खाली काय दडलंय ते सांगायचं. वासुभाऊ राऊत आमचे ड्रिलर, नरखेडकडचे. मी नवीन लागले तेव्हापासून आम्ही कितीतरी कॅम्प बरोबर केले. तेव्हा तंबूत विंचू निघायचे, चहाला धुराचा वास यायचा, आणि मी रोज राजीनाम्याची भाषा करायचे. आता घरी कूलरसमोर बसून चांगला आल्याचा चहा पिते, पण तो धुरकट चहा आठवला की जीव कासावीस होतो. काय करणार!

तर तालचीर. आमच्या भागात कोळशाच्या थरांच्या खाली एक हिरवट, मातकट खडक असतो. त्यात लहानमोठे गोटे रुतलेले असतात. हाच तालचीर. तो लागला की त्याच्याखाली कोळसा मिळत नाही, त्यामुळे बोअर बंद. बोअर सुरू करताना नारळ आणि बंद करताना सावजी मटण, ही आमच्या कॅम्पची रीत. शालिकची घाई त्यासाठी होती.

वासुभाऊंची घाई वेगळी होती. त्यांच्या धाकट्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न त्याच आठवड्यात होतं. थोरल्या वैशालीच्या लग्नाला ते पोचलेच नव्हते. तेव्हा बोअरमध्ये रॉड अडकला होता आणि तो सोडवून हे घरी गेले, तोवर पोरगी सासरी गेली होती. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. पण कॅम्पवर कुणाच्या लग्नाचा विषय निघाला की उठून रिगकडे जायचे. आताही बदली ड्रिलर दुसऱ्या रिगवर अडकला होता. बोअर बंद झालं तरच वासुभाऊ मोकळे होणार होते.

मी नागपूरला ऑफिसात जीएम साहेबांना फोन लावला.

“मॅडम, मे महिना आला, लग्नं सुरू झाली, की तुमच्या सगळ्या बोअरला तालचीर कसं काय लागतं हो?”

“साहेब, जे लागलं ते सांगितलं.”

“गोटे तर कोळशाच्या खडकातही असतात. नदीचे. त्यांच्याखाली कोळसा असला तर? प्रूफ दाखवा, नाहीतर ठरलेल्या खोलीपर्यंत जा.”

मला राग आला. साहेब बरोबर बोलत होते, म्हणून जास्तच आला. ठरलेली खोली गाठायची म्हणजे लग्न हातचं गेलं.

प्रूफ एकच होतं. गोटे नदीचे नसून बर्फाचे आहेत, हे दाखवायचं. नदी गोट्याला लोळवत नेते, म्हणून तो सगळीकडून गोल, गुळगुळीत होतो. हिमनदी गोटा पोटाशी धरते आणि खालच्या कातळावर घासत नेते. तो एका बाजूने सपाट होतो आणि त्यावर समांतर ओरखडे उठतात. असा एक जरी गोटा सापडला तरी साहेब गप्प बसले असते.

“मॅडम, इथं ताटली उन्हात ठेवली त हाताले चटके बसून राहिले,” शालिक म्हणाला, “अन् तुम्ही बर्फ शोधून राहिल्या?”

त्याचंही खरंच होतं. मी त्याला वरच्या पेटीतला एक काळा तुकडा दाखवला. त्यावर पानाचा ठसा होता, लांबट, मधोमध शीर.

“आंब्याचं पान हाय जी.”

“दिसतं तसं. पण हे झाड केव्हाच संपलं. हेच पान आफ्रिकेत सापडतं, ऑस्ट्रेलियात सापडतं, अंटार्क्टिकाच्या बर्फाखालच्या दगडातही सापडतं. त्याचं बी काही समुद्र उडून जाण्याएवढं हलकं नव्हतं. मग पान तिकडे गेलं कसं?”

शालिकने वाटण थांबवलं.

“पान गेलंच नाही. जमीन गेली. तेव्हा हे सगळे देश एकमेकांना चिकटून होते, दक्षिण ध्रुवाजवळ. म्हणून इथे बर्फ होता. बर्फ वितळला, मग जंगल उगवलं, त्याचा कोळसा झाला. पुढे जमीन फुटली आणि आपला तुकडा सरकत सरकत या उन्हात आला. तिकडेही खाली बर्फाचे गोटे, वर कोळसा आणि कोळशासोबत हेच पान, असाच क्रम आहे.”

“म्हणजे आपलं नागपूर आधी थंड हवेचं ठिकाण होतं!” एवढं बोलून तो पुन्हा वाटायला लागला.

तेवढ्यात वासुभाऊ धावत आले. हातात कोअरचा तुकडा, त्यात कापला गेलेला एक गोटा. “हे पाहा, ओरखडे! लावा फोन साहेबाले.”

मी भिंग लावलं. ओरखडे होते, पण कोअरच्या बाहेरच्या अंगावर आणि गोल वळणारे.

“वासुभाऊ, हे बिटचे आहेत.”

“कोणाचे का असंना. साहेबाले फोटोत काय समजते?”

“मला समजतं ना.”

त्यांनी तुकडा पेटीवर ठेवला. “इतक्या वर्षांत तुमाले काही मागतलं का मी? वैशूच्या लग्नात नव्हतो. आता पल्लूच्याही नाही. काहून असं करून राहिल्या तुम्ही?”

 तो तालचीर नसता आणि मी बोअर बंद केलं असतं, तर कोळसा जमिनीत राहिला असता, आणि खोटी सही माझ्या शेवटच्या बोअरवर. मी एवढंच म्हणाले, “छिन्नी आणा. आतले गोटे काढू.”

ते तणतणत गेले, पण छिन्नी घेऊन आले. अर्धा कोअर जपून ठेवायचा असतो, त्यामुळे उभा चिरून एकच भाग फोडायचा. दुपारभर आम्ही फोडत होतो, बादलीत गोटे धूत होतो, तिरप्या उन्हात धरून बघत होतो. शालिकही मटण मंद आचेवर ठेवून येऊन बसला. एकही गोटा कामाचा निघेना. 

मग एक तांबूस गोटा निघाला. हिरवी माती अंगाला घट्ट चिकटलेली. मी अंगठ्याने ती पुसली. एक बाजू सहाणेसारखी सपाट, त्यावर सरळ, समांतर ओरखडे आणि त्यांना छेदणारे दोनचार. मी तो वासुभाऊंच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हात धरला, पुन्हा धुतला, पुन्हा धरला.

शेजारी पेन ठेवून फोटो काढला, म्हणजे आकार कळतो, आणि साहेबांना पाठवला. लगेच फोन आला.

“ओरखडे बिटचे नाहीत कशावरून?”

“गोटा कोअरच्या पोटातून काढलाय साहेब. बिट तिथे पोचत नाही.”

 साहेब मुळात आमच्यातलेच, जिऑलॉजिस्टच, आता खुर्चीत अडकलेले. “असा गोटा हातात घेऊन वर्षं झाली हो,” ते म्हणाले. “बंद करा बोअर. आणि तो मला पाठवा.”

वासुभाऊ मटणाला थांबले नाहीत.

लग्नाला मी नरखेडला गेले. मांडवात वासुभाऊ नव्या फेट्यात, सगळ्यांना आग्रह करत फिरत होते. वैशाली माझ्यासाठी ताट घेऊन आली.

“मॅडम, यावेळी बाबाले तुम्हीच सोडलं म्हणे.”

“मी नाही गं. मी तर अडवून धरलं होतं. बर्फाने सोडलं.” आणि मी तिला गोट्याची गोष्ट सांगितली.

तिने नीट ऐकली. मग हसतच म्हणाली, “मंग माह्या लग्नात कुठं गेला होता तो बर्फ?”

 तेवढ्यात वासुभाऊंनी हाक मारली, “वैशू, ये वं, फोटो काढून राहिले,” आणि ती गेली. त्यांनी तिला नवरा-नवरीला बोलवायच्या आधी आपल्या शेजारी ओढून उभं केलं.

नव्या जिऑलॉजिस्टना मी दोनच गोष्टी सांगते. ओरखडा दिसला की आधी तो कोणी काढला ते बघा. आणि घरच्या लग्नाची रजा नारळ फोडायच्या आधी मंजूर करून घ्या. तालचीर मुहूर्त बघून लागत नाही.