किटलीतली वाइन

लेकीनं फोनवर सांगितलं, "मम्मी, येताना पेढे-बर्फी काही आणू नको. काकांना शुगर आहे. ते जेवताना कधीमधी थोडी वाइन घेतात, तर एक चांगली बाटली आण. लाल."

मी म्हणलं, "अगं, शुगरवाल्याला पेढा चालत न्हाई आन दारू चालते?"

"मम्मी, वाइन म्हणजे दारू नाही."

"मंग काय सरबत हाय का?"

तिनं फोनच ठेवून दिला. ती पुण्याला कंपनीत कामाला. तिथलाच एक मुलगा तिला पसंत पडला होता. मुलगा आपल्यातलाच निघाला, तेवढा एक घोर वाचला. हे काका म्हंजी त्या मुलाचे वडील. त्यांच्या लग्नाचा तिसावा वाढदिवस होता, त्याच्या जेवणाला आम्हा दोघांना बोलावलं होतं. नावाला वाढदिवस, खरं तर त्यांना आम्हाला बघायचं होतं. पूर्वी मुलगी बघायला यायचे, आता मुलीचे मायबाप बघतात. आम्ही पसंत पडलो तरच पुढची बोलणी, असं लेकीनं साफ सांगितलं होतं.

तसं पाहुण्याच्या घरी काय न्यावं हे मला कुणी शिकवायला नको. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, आजाऱ्याला मोसंब्या, नव्या घराला गहू आन गूळ. पन्नाशी आली माझी, कधी चुकले न्हाई. पण लग्नाच्या वाढदिवसाला, शुगरच्या माणसाला, होणाऱ्या व्याह्याला, बाटली? हे कुण्या शास्त्रात बसवावं तेच कळंना.

आमचे मालक एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत हायेत. आयुष्यात सुपारीच्या पुढं गेले न्हाईत. ते बिचारे हेल्मेट घालून दुकानात गेले आन आत गेल्यावरबी ते काढलं न्हाई, कुणी वळखू नये म्हणून. तीन दुकानं फिरले. पाटी वाइन शॉपची आन आत वाइन सोडून सगळं! चौथ्या दुकानात वरच्या फळीवर धूळ खात दोन बाटल्या सापडल्या. तिथून मला फोन.

"अगं, हा विचारून राह्यला, गोड पाहिजे का ड्राय?"

"ड्राय म्हंजी?"

"सुकी."

"अवो, पातळ वस्तू सुकी कशी असंल? नीट ऐका की!"

"आन बाटलीवर चार वर्षांमागचं साल हाय. एवढा जुना लॉट आमच्या कंपनीत असता तर कवाच भंगारात काढला असता. हा म्हणतो, जुनी तेवढी चांगली."

"दुकानदार आपला माल वाईट म्हणंल का कधी?"

शेवटी दोन्हींतली महाग ती घेऊन आले. ती ड्राय निघाली. आता घरात ठेवावी कुठं? स्वैपाकघरात देवघर. मंग ज्वारीच्या कोठीत दाबून ठेवली.

सकाळी निघायच्या वक्ताला नवीनच पंचाईत. बाटलीची मान पिशवीतून बाहेर येऊन राह्यली. शेजारीण स्टँडपर्यंत सोडायला येणार होती, आन तिची नजर म्हंजी एक्सरे. त्यात मागच्या साली नणंदेकडं जाताना एसटीत माझी लोणच्याची बरणी फुटल्ती, पुऱ्या गाडीला खाराचा वास. तवापासून प्रवासात काच न्यायची न्हाई, असं मी ठरवलेलं. तूप असो, ताक असो, माझ्या माहेरच्या स्टीलच्या किटलीत जातं. झाकण असं घट्ट की गाडी उलटली तरी थेंब सांडणार न्हाई. मी किटली चिंचेनं लख्ख घासली आन बाटलीचं बूच पिरगाळलं.

वास आला आन काळजात धस्स झालं. आंबलेली! बोट बुडवून चाखलं तर कच्च्या जांभळावानी तुरट.

"अवो, जुना माल गळ्यात मारला त्यानं तुमच्या!"

"मी म्हणलं न्हवतं?" मालक म्हणले. स्वतः फसलं तरी ह्यांना आधी तेच म्हणायचं असतं.

गाडीला पाऊण तास. दुसरी कुठून आणावी? ताक आंबलं तर आपण काय करतो? साखर टाकतो. मी दोन मुठी टाकल्या, चमच्यानं हलवलं, परत चाखलं. झकास गोड! जीव भांड्यात पडला. बाटली धुऊन वाळत घातली, तेलाला बरी म्हणून.

नगरला गाडी थांबली. मालकांनी चहावाल्याला सांगितलं, "साखर कमी." आन माझ्या हातातला कप तसाच राह्यला. शुगरच्या माणसाला मी दोन मुठी साखर घेऊन चालले होते! त्याच्यापायी तर पेढे नको म्हणले होते. मालकांना सांगितलं तर त्यांनी माझ्या हातातला कपबी पिऊन टाकला. पुण्यापर्यंत मी किटली मांडीवर धरून बसले, फेकून द्यावी का ठेवावी ते मला ठरवता आलं न्हाई.

त्यांचं घर साधंच होतं, नीटनेटकं. टेबलावर लांब दांड्याचे काचेचे पेले मांडलेले. बघून माझं पाणी पाणी झालं. लेक आमच्याआधीच पोचल्ती. मला स्वैपाकघरात ओढून हळूच म्हणली, "मम्मी, बाटली?"

मी किटली पुढं केली.

तिनं झाकण उघडलं, वास घेतला. "मम्मी, काय केलंस गं हे!" एवढंच म्हणली. डोळे भरून आल्ते तिचे. मला वाटलं धरणी फाटावी आन मी किटलीसकट आत जावं. चार वर्षं झाली तिला पुण्यात, एक दिवस मी तिला मान खाली घालू दिली न्हवती, आन आज नेमकी घातली.

मंग मी विचार केला, लपवलं आन ते प्यायले आन काही झालं, तर? तशीच बाहेर आले, किटली टेबलावर ठेवली आन सांगून टाकलं. "ही तुमची वाइन हाय. बाटली फुटंल म्हणून हिच्यात आणली. आंबलेली वाटली म्हणून मी साखर टाकली. तुम्ही पिऊ नका. माझं चुकलं."

काकांनी किटलीत डोकावून बघितलं आन म्हणले, "असं होय." त्यांच्या बायकोनं किटली उचलून आत नेली. मंग जेवणं झाली. आम्ही नेलेल्या मोसंब्या गोड हायेत म्हणले, पाऊसपाण्याचं विचारलं. निघताना नमस्कार केला, "भेटू परत" म्हणले. ते परत कधी, का सांगायची रीत म्हणून सांगितलं, काही उमजलं न्हाई.

गाडीत बसल्यावर ध्यानात आलं, किटली तिथंच राह्यली.

आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत देत न्हाईत. मूठभर दाणे टाकतात, दोन फळं टाकतात, पण रिकामं देत न्हाईत. रिकामं दिलं म्हंजी नातं सरलं. पण दिलंच न्हाई तर? ह्याचा अर्थ काय लावावा?

"विसरल्या असतील," मालक म्हणले.

"विसरल्या का राखून ठेवली?"

"तूच पुण्याला जाऊन विचार मंग."

पंधरा दिवस गेले. लेकीचा फोन यायचा, पण त्या घराचं नाव न्हाई. मी विचारलं की "बघू" म्हणायची. तिला माझी लाज वाटून राह्यली, हे मी मनात पक्कं केलं. रात्रंदिवस स्वतःला शिव्या दिल्या. साखर टाकायला कोणी सांगितल्तं तुला भवाने?

आन एका रविवारी सकाळीच फोन. "मम्मी, घरी राहा. आम्ही येऊन राह्यलो. ते तिघं आन मी."

दुपारी गाडी दारात उभी राह्यली. काका उतरले, मुलगा उतरला, माझी लेक उतरली. शेवटी मुलाची आई, हातात माझी किटली. शेजारीण गॅलरीत येऊन उभीच होती.

"तुमची किटली द्यायची राहिली होती," त्या म्हणाल्या.

मी हातात घेतली तर जड लागली. झाकण काढलं. काठोकाठ साखर.

"साखरपुडाच समजा," काका म्हणाले. "पुड्यात काय मावणार, म्हणून किटलीच भरून आणली."

माझ्या तोंडून भलतंच निघालं. "आन ती वाइन? सांडली का?"

"ह्यांना थेंब दिला नाही," त्या हसून म्हणाल्या. "दोन दिवस मीच प्यायले. छान गोड झाली होती." मंग माझ्या जवळ सरकल्या. "तुम्ही गेलात त्याच दिवशी मी वाइन दुसऱ्या भांड्यात काढून किटली घासून हिच्या हातात देत होते. हिनं घेतलीच नाही. म्हणाली, काकू, माझ्या आईकडे रिकामं भांडं परत घेत नाहीत. भरायची असेल तेव्हाच पाठवा, नाहीतर राहू द्या तुमच्याकडेच."

मी लेकीकडं बघितलं. ती माझ्याकडं न बघता कपाटातून कपबशा काढून राह्यली होती. पंधरा दिवस मी समजत होते, पोरगी माझी लाज धरून बसली. आन हिनं तर माझ्या किटलीवर आपलं लगीन टांगून ठेवल्तं! मला रडू आवरलं न्हाई. मालक म्हणले, "अगं, पाहुणे आलेत," आन तेच खिशात रुमाल शोधायले.

मी त्याच किटलीतली साखर काढून चहा ठेवला. काकांचा कप तेवढा वेगळा केला, बिनसाखरेचा.