आतेबहीण आणि चाचांचं अर्धं शटर

माझ्या आतेबहिणीइतक्या प्रेमानं गंजाकडे बघणारी व्यक्ती अख्ख्या पिंपरी-चिंचवडात दुसरी नसेल. आम्ही चाकणच्या कंपन्यांमधली माणसं लोखंडाला गंज चढू नये म्हणून शिफ्टवर शिफ्ट काढतो. ही एकटी तो नीट चढावा म्हणून झटायची. कारण तिचं शिक्षण. बारावीनंतर तिनं रहाटणीतल्या एका संस्थेत गेम आर्टला प्रवेश घेतला. मोबाईलच्या खेळात आपण ज्या भिंतीआड लपतो आणि ज्या पिंपावर गोळ्या झाडतो, ते सगळं कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून घडवतं, हे मलाही तेव्हाच कळलं. आत्यानं मात्र चऱ्होलीभर सांगून टाकलं, "पोरगी खेळायच्या कॉलेजात हाय."

तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं की नोकरी देणारा प्रमाणपत्र बघत नाही, काम बघतो. आणि काम चांगलं हवं तर आधी वस्तू नीट बघा. बाकीच्या मुलांनी माना डोलावल्या, हिनं व्रत घेतलं. तिला बघायला चिंचवडहून मुलगा आला, तर हिनं पोह्यांची बशी टीपॉयवर ठेवली आणि त्याचं हेल्मेट उचलून खिडकीपाशी नेलं. उजेडात फिरवून फिरवून बघितलं आणि विचारलं, "डाव्या अंगावर घासत गेलात ना? रस्ता खडीचा होता?" मुलगा खूश होऊन सगळं सांगायला लागला. तो गाडीवरून पडल्याचं त्याची आई मात्र पहिल्यांदाच ऐकत होती. स्थळ तिथंच बारगळलं. "लोकांच्या पोरी पोरगा बघत्यात, आमची हेल्मेट बघती," आत्या कपाळावर हात मारून म्हणाली.

पुढे सरांनी सांगितलं की स्टुडिओत फीडबॅक घेता आणि देता यायला हवा. त्या दिवसापासून आत्याच्या स्वयंपाकघरात शांतता उरली नाही. "आई, भाकरीचा आकार छान आहे, पण कडा सगळीकडे सारख्याच तुटल्यात. खरी वाटत नाही." त्यावर आत्या शांतपणे विचारायची, "खरी न्हाई व्हय? मग ठेव खाली."

पण कहर झाला तो शटरचा. पोर्टफोलिओसाठी, म्हणजे नोकरी मागताना दाखवायच्या कामासाठी, तिला एक जुनं दुकान हुबेहूब घडवायचं होतं. माझी कंपनी निघोज्याजवळ असल्यानं मी तिला गाडीवरून तिकडची दुकानं बघायला सोडायचो. तिथल्या एका गॅरेजचं गंजलेलं शटर बघून ती रस्त्यातच थबकली. मग रोज समोर स्टूल टाकून फोटो, चित्रं, बोटानं खरवडून बघणं सुरू झालं. गॅरेजवाले चाचा चहा पाजायचे. एके दिवशी आम्ही पोहोचलो, तर चाचांच्या हातात निळ्या रंगाचा डबा आणि अर्धं शटर चकाचक!

"चाचा, काय केलंत हे!" ही रडकुंडीला आली.

"बेटी, ईद आली. दुकान नको का सजवायला?"

"डावी बाजू तेवढी राहू द्या. माझं झालं की मी स्वतः रंगवून देईन."

चाचांनी तिच्याकडे बघितलं, शटरकडे बघितलं आणि डब्याला झाकण लावलं. ईद गेली, पावसाळा गेला, शटर अर्धं निळं आणि अर्धं गंजकं. गिऱ्हाइकं विचारायची, "काय राव चाचा, अर्धं दुकान विकलं का?" एक जण डाव्या बाजूवर फ्लॅटची जाहिरात चिकटवायला आला, तर चाचा पाना घेऊन धावले, "हात नको लावू भावा, तिकडं काम चालू आहे!"

अखेर काम झालं आणि पुण्याच्या एका स्टुडिओनं तिला बोलावलं. मी बाहेर थांबलो होतो. शटर बघून ते लोक थक्क झाले म्हणे. खालच्या कोपऱ्यातच गंज जास्त का, यावर ही मनसोक्त बोलली. मग त्यांनी विचारलं, "आम्हाला असं एक काम चार दिवसांत लागेल. तुम्हाला किती वेळ लागला?" हिनं खरं ते सांगितलं, "मागच्या ईदपासून."

नोकरी तिथंच हुकली. घराशी गाडीवरून उतरताना ती म्हणाली, "दादा, बघायला शिकले रे, कुठं थांबायचं ते शिकलेच नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं जाऊन उरलेलं शटर रंगवून दिलं. चाचांनाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग तिनं थांबायचा सराव धरला, तोही तिच्या पद्धतीनं: कुकर लावायचा आणि शिट्ट्या संपायच्या आत एक वस्तू घडवून मोकळं व्हायचं. सुरुवातीला डाळ करपायची आणि वस्तू अर्धी राहायची. आम्ही महिनोन्‌महिने करपलेलं वरण खाल्लं. हळूहळू वरण पिवळं व्हायला लागलं, तसं मी ओळखलं की पोरगी आता नोकरीला लागणार. हैदराबादच्या एका स्टुडिओनं तिला लगेच घेतलं.

आता आत्याचं घर फार गप्प असतं. मागच्या रविवारी गेलो, तर आत्या उंबऱ्यात मोबाईल घेऊन बसली होती. लेकीनं ज्यावर काम केलं, तो बंदुकांचा खेळ चालू होता. आत्याला त्यातली एकच गोष्ट बघायची असते. खेळातल्या गावाबाहेरच्या विहिरीपाशी एक बादली आहे, ती लेकीनं केलीय. पण तिथवर पोहोचायच्या आत कुणीतरी आत्याला गोळी घालतं. त्या दिवशी ती पोहोचली. चेपलेली, कडी वाकलेली बादली ती मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. पडद्यावर मागून एक जण बंदूक रोखून आला.

"थांब की रं बाबा," आत्या म्हणाली, "बघू दे जरा."

तो थांबला नाही. आत्यानं पदरानं मोबाईलची काच पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून चालायला लागली.