बिनपहाऱ्याचं वर्ष

पुण्यातल्या आणि पुण्यातून निसटलेल्या समस्त आप्तेष्टांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, मेडनहेडनिवासी अस्मादिक गुन्हेगार आहेत. रीतसर, कोर्टाच्या शिक्क्यासह.

याचं मूळ विमानतळावर आहे. बावीस वर्षांपूर्वी निघताना आईने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण माझ्या हातात ठेवला आणि बजावलं, "रोज फूल वाहा. आणि निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, वाहत्या पाण्यात सोडायचं." पुण्यात असताना मी आईचं काही ऐकलं नाही, इथे मात्र अक्षरशः पाळलं. दर रविवारी थेम्सवर. गेल्या वर्षी फुलं सोडली आणि पिशवी काठावरच विसरलो. पिशवीत माझ्या नावपत्त्याचं पाकीट! कचरा टाकल्याबद्दल कौन्सिलची नोटीस आली. दंड भरून विषय मिटला असता, पण मला कोर्टात भाषण करायची हौस. मॅजिस्ट्रेटबाईंनी वीस मिनिटं हिंदू धर्म ऐकून घेतला आणि कंडिशनल डिस्चार्ज दिला. वर्षभर सरळ वागलो तर शिक्षा नाही. नवा गुन्हा केला, तर जुन्याचीही होणार.

मला काळजी लागली ती वेगळ्याच कारणाने. आईचं सहस्रचंद्रदर्शन तीन महिन्यांवर होतं. वेम्बलीच्या सॉलिसिटर मीनलताईंना फोन लावला. हजेरी कुठे द्यायची? देश सोडता येईल?

"अहो, हजेरी नाही, ऑफिसर नाही, पासपोर्ट तुमच्याच कपाटात. खुशाल जा. कुठल्या व्हिसाच्या फॉर्मवर विचारलं तर खरं लिहा. आणि कृपा करून भाषण करू नका."

कुणी पाहत नाही म्हटल्यावर मीच स्वतःवर पहारा बसवला. तीस मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर अठ्ठावीसने गाडी. ईलिंग रोडच्या देशी भाजीबाजारात द्राक्षं चाखून बघणं बंद. निर्माल्य बागेतल्या कंपोस्टमध्ये. "इतका बोअर तू कधीच नव्हतास," मेधा, म्हणजे आमची सौ., म्हणाली.

हीथ्रोला चेक-इनवालीने पासपोर्ट उघडला, तेव्हा मी 'भाषण करू नका' एवढंच मनात घोकत होतो. तिने एवढंच विचारलं, खिडकी हवी का?

घर म्हणजे काय, यावर मी इथल्या पार्ट्यांत तासभर बोलू शकतो. आता थोडक्यात सांगतो: जिथे आपण पोचलो नाही तर कार्यक्रम अडतो, ते घर.

पुण्यात मंगल कार्यालयात दीडशे पाहुणे. कोर्टाचं कुणाला कळू द्यायचं नाही, असं घरात ठरलेलं. आई चौरंगावर, नव्या पैठणीत. मी नमस्काराला वाकलो. हल्ली तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती सगळं खणखणीत बोलते.

"आलास बाबा! सुटलास, की रजेवर सोडलंय?"